हा क्रमांक अवैध आहे

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. गणपतीत पाहुणे जमले की विषय निघतोच. आमचे गोपाळकृष्ण निवृत्त मास्तर, आता हापूसची कलमं सांभाळतात. समजावून सांगणं हा त्यांचा हातखंडा. पण माझ्यापाशी आले की अडतात. "ती कंपनीत असते. मोठ्या पोस्टवर आहे," एवढं बोलून ते पाहुण्यांच्या पानात घाईघाईने मोदक वाढतात.

कार्डावर छापलंय, हेड, एचआर डेटा गव्हर्नन्स. कंपनी खरंच मोठी आहे. आंब्याचा पल्प, गोठवलेली मासळी, काजू. चार राज्यांत कारखाने, अकराएक हजार माणसं. या सगळ्यांची नावं, जन्मतारखा, पत्ते, वारस, बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, ही माहिती बरोबर आहे का, ती कुणी बघायची, किती ठेवायची आणि कधी पुसायची, हे मी ठरवते. मुंबईत जागा परवडेना म्हणून हा विभाग मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत थाटला. तिथे मी आधीपासून बसलेली होते, म्हणून मी प्रमुख. माझ्या कर्तृत्वाची कथा एवढीच.

शिक्षण बारावी आणि टायपिंग. हजेरीची कार्डं टाइप करायला लागले होते. कार्डं जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी हात टेकले, मी बसून राहिले. पुढचं सगळं व्हिडिओ बघून शिकले. शिकवणारा हैदराबादचा एक मुलगा होता आणि वेळ वाचावा म्हणून मी त्याला दीडपट वेगाने ऐकत असे. त्यामुळे अजूनही मी मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायला लागले की लोकांना वाटतं, बाईंची एसटी चुकतेय.

एकदा मीच नवऱ्याला सोपं करून सांगायला गेले. "गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो ना? तसं. मी माहितीची राखण करते."

"राखणदाराला वर्षाला कोंबडा लागतो."

"मला इन्क्रिमेंट लागतं."

"मग राखणदार स्वस्त," म्हणाले आणि कलमांना पाणी घालायला गेले.

तर या राखणदाराने गेल्या मे महिन्यात पराक्रम केला.

आमचे साहेब मुकुल सर मुंबईला बसतात. वयाने माझ्या भाच्याएवढे आहेत, पण 'सर' म्हटलं की त्यांना बरं वाटतं आणि 'अरे' म्हणायचा माझा मोह टळतो. त्यांना संचालकांसमोर दाखवायला एक आकडा हवा होता, आपली माहिती किती स्वच्छ आहे त्याचा. मी घाण शोधायला बसले. आणि सापडली! 'कुणाला कळवायचं' या रकान्यात चाळीसेक माणसांनी एकच मोबाइल नंबर दिला होता. सगळी एकाच गावची, बेलखोलची. सगळी हंगामी, आंब्याच्या दिवसांत पल्पच्या लाइनवर येणारी.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जाळ्यात मोठी घोळ मासळी लागल्यावर खलाशाला होतो तसा.

माझ्या शेजारी आर्या बसते. इंजिनीअर होऊन दोन वर्षं झालीत. मी जे फर्मावते ते ती मशीनला कळेल असं लिहिते. ती म्हणाली, "मॅडम, चाळीस जणांचा एकच नंबर कसा, हे एकदा विचारून बघू या का?"

"काय विचारायचंय? आळस. एकाने लिहिला, बाकीच्यांनी त्याचं बघून उतरवला."

मग मी नियम केला. एक माणूस, एक नंबर. जो नंबर एकाहून जास्त नावांपुढे दिसेल तो अवैध. तो आपोआप पुसला जाईल आणि ज्याचा असेल त्याला तसा मेसेज जाईल. पुसायचा तोही साधासुधा नाही. नको ती माहिती जवळ ठेवायची नाही, हे मी व्हिडिओत शिकले होते, म्हणून बॅकअपमधूनसुद्धा पुसायचा; तोच पुन्हा कुणी भरू नये म्हणून मशीनपुरती एक खूण ठेवायची, पण तिच्यावरून नंबर परत काढता येणार नाही अशी. मागमूस राहता कामा नये.

"आणि अपवाद कोण मंजूर करणार?" आर्याने विचारलं.

"कुणीच नाही. अपवादाची फट ठेवली की पहिला फोन कुठल्यातरी पुढाऱ्याचा येतो."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशी मुकुल सरांनाही ऐकवलं.

बेलखोलच्या लोकांना निरोप गेला: प्रत्येकाने आपापला नंबर द्यावा, नाहीतर पुढच्या हंगामाला नाव लागणार नाही. बिचाऱ्यांनी निमूट सिमकार्डं घेतली. आकडा शंभर टक्के झाला. मुकुल सरांनी तो संचालकांना दाखवला आणि मला कुरिअरने काचेचा एक चषक आला. त्यात मी पेन्सिली ठेवते.

नोव्हेंबरात हंगामी माणसांतून काहींना कायम करायची यादी निघाली. बेलखोलचं एकच नाव त्यात होतं, मैना कुळये.

मैनाला मी ओळखते. पल्पच्या लाइनवरची ती सगळ्यात जुनी हंगामी बाई. आंब्याच्या दिवसांत कॅन्टीनला माझ्यासमोर बसते आणि माझ्या डब्यातली पोळीभाजी बघून मला तिची दया येण्याऐवजी तिलाच माझी दया येते. "खावा गो बाय," म्हणत फणसाची भाजी माझ्या डब्यात लोटते. नवरा रावजी दाभोळला मच्छीच्या बोटीवर, घरी सासू आणि दहावीतली सानवी. दर वर्षी जाताना एकच बोलते. "कायम झालंव की सानवीला रत्नागिरीत कॉलेजला घालीन. तवर तुमी रिटायर होऊ नका."

शुक्रवारी मी जेवून जागेवर आले तर आर्या स्क्रीनकडे बघत बसलेली. "मॅडम, त्या कुळयेबाईंच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' आलंय. मुंबईहून आठवडाभर फोन लावतायत. आज पाचपर्यंत त्यांनी होकार नाही भरला तर जागा खालच्या नावाला जाणार."

"पत्र नाही पाठवलं?"

"पत्रं बंद केली ना गेल्या वर्षी."

ती कुणी बंद केली, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

"लाव फोन."

"कव्हरेज क्षेत्राबाहेर."

"जुना नंबर लाव. तो चाळीस जणांचा."

आर्याने माझ्याकडे बघितलं. "पुसला, मॅडम."

"बॅकअप?"

"तिथूनही. तुम्हीच म्हणालात, मागमूस राहता कामा नये."

"मी म्हणाले म्हणून तू लगेच..."

"तुम्ही माझं कौतुक केलं होतंत. ईमेलवर. सगळ्यांना सीसी करून."

मी मुकुल सरांना फोन केला. मुदत एक दिवस वाढवा म्हटलं. ते हळहळले. "मॅडम, मुदत माणूस संपवत नाही हो, सिस्टीम संपवते. तुमचाच आग्रह होता ना, उघडे रकाने लोंबकळत ठेवायचे नाहीत?"

एवढं सगळं मी एका वर्षात केलं होतं. माणूस ठरवून इतकं काम करू शकत नाही.

कारखान्यात बेलखोलचं कोणी आहे का, विचारून आले. सगळे गावी, भाताच्या झोडणीत. शेवटी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

शहर संपलं, आंब्याच्या बागा संपल्या, मग घाटी चढून सडा लागला. काळा कातळ, त्यावर वाळून पिवळं पडलेलं गवत. डांबर जिथे संपत होतं तिथे पत्र्याचं एक दुकान होतं. गाव दिसेना. दुकानाच्या पलीकडे सडा एकदम तुटला होता आणि तिथून खाली, खोलात, झाडांमधून कौलं दिसत होती. भात झोडल्याचे धपाधप आवाज वर येत होते.

मी फोन बघितला. रेंज भरलेली. खाली उतरायची वाट शोधायला म्हणून कड्याच्या बाजूला चालत गेले, उताराला लागले, आणि रेंज गेली. मागे आले, आली. पुन्हा गेले, गेली. शाळेतल्या पोरीसारखी मी तीन वेळा पुढे-मागे केलं, आणि मग मला कळलं.

त्या लोकांनी आळस केला नव्हता. आम्ही विचारलं होतं, कुठे कळवायचं. आणि ज्या एका फोनवर त्या गावाला काही कळवता येतं तो नंबर त्यांनी लिहिला होता. खरं उत्तर. ते मी पुसलं आणि त्या जागी चाळीस वेगवेगळी, स्वच्छ, न लागणारी उत्तरं भरून घेतली. वर चषक घेतला.

दुकानात साठीच्या पलीकडचा एक माणूस सुपारी कातरत बसला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"मैना कुळये इथेच राहतात ना?"

"कोन तुमी?"

"रत्नागिरीहून, कंपनीतून आलेय."

अडकित्ता थांबला. "कंची कंपनी? ती मेसेजवाली?"

मी काही बोलायच्या आत त्याने बंडीच्या खिशातून फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. हा क्रमांक अवैध आहे. त्याच्याखाली पुन्हा, हा क्रमांक अवैध आहे. तो अंगठ्याने वर सरकवत राहिला, संपेचनात.

"सकाळी सुरू झाले ते जेवनाच्या येळंपर्यंत टुंग, टुंग, टुंग. आमची म्हातारी म्हनाली, कोन गेला की काय. अवैध म्हंजे काय ते मास्तराला इचारलं. तो म्हनाला, बेकायदा. धाकू आग्रे बेकायदा! या फोनावर गावाचे निरोप घेतलंव मी. बाळंतपनं, मयतं, मुंबयवाल्यांची खुशाली. ती सगळी बेकायदा?"

"धाकूभाऊ, चूक झाली."

"कंपनीची?"

"नाही हो. माझी. तो नियम मीच केला."

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, वादळात पडलेलं झाड बघावं तसं. "येवढं समदं येकटीनं?"

मी कारण सांगितलं. पाचच्या आत मैनाला निरोप पोचायला हवा, तिच्या कायमच्या नोकरीचा प्रश्न आहे.

"मग द्या की निरोप. ही घाटी. खाली उतरा, वहाळ ओलांडा, पयली वाडी सोडा, दुसरी वाडी तिची. आमाला जायाला-यायला तास. तुमच्या गुडघ्यांना उद्या."

"तुम्ही कसा देता?"

"हाळी घालतंव. इथनं."

"मग घाला ना."

त्याने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "अवैध मानसानं कशी घालायची?"

चार वाजून गेले होते. मी पिशवी बाकड्यावर ठेवली, कड्याशी गेले, तोंडाशी हात धरला आणि ओरडले, "मैनाऽऽ!"

अकरा हजार माणसांच्या माहितीची प्रमुख. आवाज पहिल्या अक्षरालाच फाटला.

खालची धपधप थांबली. मला धीर आला. "मैना कुळयेऽऽ! मी कंपनीतली दमयंतीऽऽ!"

काही नाही. एक कुत्रं भुंकलं, तेही कुणीतरी गप्प केलं असावं. आख्खं खोल श्वास धरून बसलं होतं.

"न्हाय देनार ओ," मागून धाकू म्हणाला. "अनवळखी हाकंला ओ देत न्हाय आमच्यात. काय म्हायती कोन बोलवतंय आनि कुठं नेतंय. वळखीचा आवाज लागतो."

याला आमच्या धंद्यात ओळख-पडताळणी म्हणतात. ती कशी करावी यावर मी मुंबईत दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आहे. तिथे जेवण चांगलं होतं.

मी परत येऊन त्याच्यासमोर बाकड्यावर बसले. शेवटी जे होतं ते बोलले. "धाकूभाऊ, तुम्ही अवैध नाही. तुमचा नंबर तेवढा खरा होता, बाकी सगळे मी खोटे लिहायला लावले. माझ्यावर रागवा, हवं तर उद्या परत येते, तेव्हा शिव्या घाला. पण तिची पोर कॉलेजला जायचीय."

त्याने अडकित्ता खाली ठेवला. "सानवी?"

"हो."

"हुशार हाय ती. माझा फोन तीच नीट करून देते." मग थुंकून आला, चूळ भरली. "मानाचा कोंबडा लागंल. राखनदाराला देतात तसा."

घरी कुणीतरी हे ऐकून हसतंय असं मला वाटलं. "देते."

"गावठी."

"गावठी."

धाकू कड्यावरच्या एका धोंड्यावर चढला. त्याने एक हात कानावर ठेवला आणि हाळी घातली. लांब, एका सुरात, शेवटी वर उचललेली. ओरडणं नव्हतंच ते. खालून लगेच कुणाची तरी ओ आली. त्याने चार शब्द सांगितले. मग तेच शब्द खाली दुसऱ्या आवाजात गेले, पुढे एका बाईच्या आवाजात, मग आणखी लांब, बारीक होत होत. आणि थोड्या वेळाने तशीच बारीक ओ परत आली.

"येते," धाकू धोंड्यावरून उतरत म्हणाला. "खळ्यात हाय. मोबाइल घेऊन ये म्हनून सांगितलंय."

मैना घाटी चढून आली ती जवळजवळ धावत. केसांत भाताचा पेंढा, पदर खोचलेला, ओठ पांढरे. मला बघितलं आणि जागीच थांबली.

"मॅडम? तुमी हितं? बोटीचं काय..."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शहरातली बाई स्वतः गावात येते आणि तातडीची हाळी येते, तेव्हा ती कशाची असते, हे मला कळायला हवं होतं. मी तिचे दोन्ही हात धरले. "नाही गो बाय, वाईट काही नाही. रावजी बरे आहेत. तुला कायम केलंय."

ती खाली कातळावरच बसली. "पुन्यांदा सांगा."

सांगितलं.

"मग असं बोलवायचं व्हय? जीव गेला असता ना माजा," म्हणाली आणि पदराने तोंड पुसता पुसता हसायला लागली.

तिचा मोबाइल भाताच्या कणगीत ठेवलेला होता, उंदरांनी खाऊ नये म्हणून, आणि कधीच मेला होता. धाकूने दुकानात चार्जिंगला लावला. तो जिवंत होईपर्यंत मी लॅपटॉप उघडला. एकदाची स्क्रीन उजळली, ओटीपी आला, होकार भरला. मग पुढचा रकाना उघडला; कायम माणसाला तो भरावाच लागतो आणि तिथे स्वतःचा नंबर चालत नाही. कुणाला कळवायचं.

"धनी बोटीवर. रेंज न्हाय," मैना म्हणाली. "धाकूभावजींचाच लावा. पयल्यापासनं तोच हाय."

मी धाकूचा नंबर टाकला. लाल अक्षरं आली. आणि त्याच क्षणी धाकूच्या खिशात वाजलं, टुंग.

आम्ही तिघंही त्या खिशाकडे बघत राहिलो.

"वाचू नका," मी म्हटलं आणि आर्याला फोन लावला. "अपवाद करता येईल का? कसाही."

"अपवाद मंजूर करणारं कुणी नाही, मॅडम. पुढाऱ्यांमुळे."

"बरं, माझा नंबर टाकते." टाकला. पुन्हा लाल. हा क्रमांक दमयंती पोंक्षे यांच्या नावावर आहे. "आर्या, माझ्या नावापुढचा नंबर काढ."

"मग तिथे काय टाकू?"

"काही नको."

"मॅडम, रकाना रिकामा राहिला तर तुमचं रेकॉर्ड अपूर्ण दिसेल. लाल होईल."

"होऊ दे."

खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग टकटक ऐकू आली. "काढला. आता टाका." ओटीपी माझ्या फोनवर आला. मैनाच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. पाचाला थोडा अवकाश होता. तो मी बाकड्यावर डोळे मिटून घालवला.

मैना विचारात पडली होती. "पन मॅडम, माजं काय झालं तर ते तुमाला फोन करनार. मग तुमी काय करनार?"

"धाकूभाऊंना फोन करीन."

"म्हंजे शेवटी हाळी मीच घालायची," धाकू म्हणाला.

"हो."

"मग नंबर तुमचा कशाला?"

"नियमासाठी."

त्याने मैनाकडे बघितलं, मैनाने त्याच्याकडे. दोघंही काही बोलले नाहीत. शिकलेल्या माणसाचा मान राखायची पद्धत आहे आमच्याकडे.

कोंबडा मी रविवारी नेऊन दिला. आमच्या घरात अंडंही येत नाही. तो मी बाजारातून घेतला आणि स्कूटरच्या पुढे टोपलीत ठेवून सडा गाठला. वाटेत तो ओरडत होता, आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला लागत होता.

महिन्याच्या अहवालात आकडा शंभरावरून घसरला. मुकुल सरांचा फोन आला. "मॅडम, सगळ्या कंपनीत एकच रेकॉर्ड अपूर्ण आहे, आणि ते तुमचं आहे. गंमतच आहे, नाही?"

"गंमत नाही, सर," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. या खेपेला दीडपट वेगाने नाही, मराठीत, सावकाश. एक नंबर अनेकांचा असू शकतो, मालकाची संमती असली की झालं, आणि नियम करण्याआधी एकदा तिथे जाऊन उभं राहायचं, असा प्रस्ताव मी पाठवलाय. बैठक पुढच्या महिन्यात आहे. चषक त्यांनी परत मागितला नाही, तेव्हा पेन्सिली आहेत तिथेच आहेत.

बैठकीची वाट मात्र बेलखोलने बघितली नाही. धाकूचा नंबर बेकायदा, मॅडमचा चालतो, ही बातमी घाटी उतरून वाडीवाडीत पोचली. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, फोन गोपाळकृष्णांनी घेतला.

"कुणी रावजी बोलतायत, दाभोळहून. म्हणतात, बोट लागली, घरी सांगा."

मी हात पुसले, धाकूला फोन केला. तो म्हणाला, थांबा, आणि फोन हातात तसाच धरून धोंड्यावर चढला असावा, कारण ती हाळी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आली. मग खालची ओ, मग पुढची. आम्ही दोघं फोन मध्ये धरून ऐकत उभे राहिलो. आमटी उतू गेली.

"अस्सं," गोपाळकृष्ण गॅस बंद करत म्हणाले. "म्हणजे तू हे करतेस होय."